घामाचा माणूस

मुदतीच्या तापातून उठल्यावर मी पहिलं काम केलं ते मांडी मोजण्याचं. मोजायला होते ते माझेच दोन हात. दिवाळीच्या आधी दोन्ही पंजे लावले तरी मधे चार बोटं अंतर राहायचं. आता पंजे मांडीभोवती फिरून बोटं एकमेकांवर चढली. मी पुन्हा मोजलं. पाय बदलून मोजलं. मग अंगावर वाकळ ओढून भिंतीकडं तोंड केलं, आणि काकी पेज घेऊन आल्या तेव्हा झोपेचं सोंग घेतलं. काकी म्हणजे ज्या देशमुखांच्या वाड्यात मी राहत होतो त्यांची मंडळी. एकवीस दिवस त्यांनी माझ्या कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवल्या होत्या. घरातल्या गड्यांनी गोठ्याशेजारच्या माझ्या खोलीत पाऊल टाकायचं सोडलं, पण त्या बाईंनी सोडलं नाही. सोंग त्यांच्या लगेच लक्षात आलं. "डोळे मिटून पेज पिता येत असंल तर तसं पी," एवढंच म्हणाल्या आणि वाटी ठेवून गेल्या.

मी मूळचा सिरसाळ्याचा नव्हे. आमची मेंढरं बालाघाटाच्या डोंगरात, पाटोद्याच्या अंगाला. सिरसाळ्याहून चालत गेलं तर तीन दिवस. शाळा तिसरीत सुटली. मुन्शीजी उर्दूत शिकवायचे, घरी आम्ही बोलायचो आमचं, आणि मेंढरांना दोन्हीतलं काही कळत नव्हतं. मेंढरांनाच माझी गरज जास्त होती म्हणून बापानं शाळेतून काढलं. सिरसाळ्याच्या बाजारात बापाबरोबर मेंढरं विकायला आलो असताना एक एडका दावं तोडून मिरचीवाल्यांच्या अंगावर धावला. मी त्याला शिंगं धरून जागच्या जागी बसवला. ते मालकांनी, म्हणजे देशमुखांनी, आडतीच्या ओट्यावरून पाहिलं. तिथंच बापाला विचारलं, पोरगा तालमीला देतोस का? बाप म्हणाला, "न्या मालक. पर खातोय लई, सांगून ठिवतो." आडतीवर सगळे हसले, मालकही हसले, आणि मी त्यांच्या घरचा पैलवान झालो.

घरचा पैलवान ठेवायची पद्धत त्या काळी बऱ्याच वाड्यांतून होती. घोडा ठेवावा तसा पैलवान ठेवायचा. त्याच्या नावाची एक म्हैस गोठ्यात बांधायची, तिचं दूध त्यानंच प्यायचं, घरातल्या लेकरांनीसुद्धा मागायचं नाही. माझ्या नावाची म्हैस शिंगं मागं वळलेली, काळीभोर, धार काढताना डोळे मिटणारी. पहाटे जात्याची घरघर सुरू व्हायची, मग चरवीत धारेचा आवाज. पहिली धार पत्र्यावर पाऊस पडावा तशी वाजायची, आणि चरवी भरत आली की आवाज जाड होत जायचा. तो जाड आवाज ऐकल्यावर मी उठायचो. ज्या घरात माझं कुणी नव्हतं त्या घरात एक जनावर माझ्या नावानं उभं होतं, याचा मला केवढा आधार होता ते आज सांगता येणार नाही. भीतीही तेवढीच. आपण जोर काढायचं थांबलो की आपलं इथं काय, हा विचार धष्टपुष्ट असतानाही माझ्या मनातून कधी गेला नव्हता.

तापात एकदा बाप येऊन गेला. कुणी निरोप धाडला मला माहीत नाही. खांद्यावर घोंगडी टाकून उंबऱ्याबाहेरच बसला, आत आला नाही. माझ्याकडं बघून म्हणाला, "जित्ता हाय न्हवं?" काकी म्हणाल्या, "हाय की. बोला ना त्याच्याशी." तर बाप पागोटं काढून हातात घेऊन मालकांच्या बैठकीकडं वळला. "पोराचं वझं झालं तुमाला," असं त्यानं म्हटलेलं मला भिंतीपलीकडून ऐकू आलं. मालक म्हणाले, "बरा होऊ दे, यात्रेला कुस्ती मारंल, फिटंल सगळं." मालकांनी ते धीर द्यायला म्हटलं असणार. मी मात्र ते गाठीला बांधलं. यात्रा माघाच्या शेवटाला होती. यात्रेत कुस्ती झाली तर वाड्यात राहायचं, नाही झाली तर घोंगडी घेऊन बापामागं डोंगरात जायचं, असं मी माझ्यापुरतं ठरवून टाकलं. मला तसं कुणी सांगितलं नव्हतं, आणि मी कुणाला विचारलंही नाही.

आमचे उस्ताद भरात होते तेव्हा म्हणे औरंगाबादेपर्यंत नाव होतं. माझ्या वेळेला साठीचे, मेंदीनं दाढी लाल केलेले, गुडघे गेलेले. तालमीत मारुतीच्या कोनाड्याला आणि पिराच्या हिरव्या निशाणाला एकाच हातानं उदबत्ती लावायचे. ताप उतरल्यावर मला बघायला आले. दंड दाबला, पोटरी दाबली, डोळ्याची पापणी ओढून पाहिली. म्हणाले, "बेटा, बुखार गया सो गया, पन घर अभी साफ नई हुआ. चालीस दिन माटी कू हात नई लगाना. खाली चलना. चलना बी कसरतच है." मी म्हटलं, "उस्ताद, यात्रा?" ते म्हणाले, "यात्रा हर साल आती." आणि दुसऱ्या दिवशी लेकीच्या बाळंतपणाला नांदेडकडं निघून गेले. जाताना काकींना बजावून गेले की म्हशीचं दूध बंद, चाळीस दिवस शेळीचं द्यायचं. ताप बघणाऱ्या हकिमांनीही तेच सांगितलं होतं.

शेळीचं! ज्याच्या आधीच्या सात पिढ्या शेळ्यामेंढरांत गेल्या, तो म्हशीच्या दुधाला लागला आणि आता पुन्हा शेळीवर आला. माझ्याबरोबर तालमीत दगडू नावाचा एक गडी होता, वयानं माझ्याएवढाच, जिभेचा तिखट. त्यानं ते ऐकलं मात्र, दुसऱ्या दिवशी खोलीच्या दारात येऊन उभा. "काय बे बिरू, आता तुज्या नावानं शेळी बांधली म्हनं? यात्रेत करडासंगं जोड लावू का तुजी?" मी वाकळ तोंडावर ओढली. मग तोच आत येऊन बसला, माझ्या गळणाऱ्या केसांचा पुंजका उशावरून उचलून त्यानं बाहेर टाकला, आणि "मीठ टाकून पी, वास येत न्हाई," असं सांगून गेला.

आणि चालणं! चालण्याची मला किती चीड आली होती ते सांगतो. त्या दिवसांत खेड्यात रिकामा माणूस रिकाम्या हातानं चालतच नसे. शेतात जाणारा, पाण्याला जाणारा, बाजाराला जाणारा, पोलीस पाटलाचं बोलावणं आलं म्हणून घाबरत जाणारा, सगळे कशासाठी तरी चालायचे. मी निघालो की जो भेटेल तो विचारायचा, "कुनीकडं पैलवान?" "असंच" म्हटलं की लोक थांबून माझ्याकडं बघायचे. तीन दिवसांत कंटाळून मी हातात दावं घेऊन निघायला लागलो, म्हणजे ढोर शोधायला चाललोय असं वाटावं. तर एका म्हाताऱ्यानं खरोखर विचारलं, कसलं ढोर? मी म्हटलं, तांबडा गोऱ्हा. बिचारा माझ्याबरोबर ओढ्यापर्यंत आला, करंजाच्या झाडीत शिरून हाका मारू लागला. मला तेवढ्यात धाप लागून खाली बसावं लागलं होतं. तो झाडीत गोऱ्हा शोधतोय आणि मी दावं मांडीवर घेऊन बसलोय. संध्याकाळी गावभर झालं की वाड्यातला गोऱ्हा हरवला, आणि मालकांनी गडी बोलावून गोठ्यातली ढोरं पुन्हा पुन्हा बघायला लावली.

आता सून मला काठी देऊन अंगणात दहा फेऱ्या मारायला लावते. छातीचं दुखणं होऊन गेलंय, डॉक्टरांनी सांगितलंय. फेरी मारताना शेजारचे विचारतात, "काय आबा, फिरताय?" आणि तीच जुनी चीड पायापासून वर चढते. माणूस म्हातारा झाला की शांत होतो असं म्हणतात, मला अजून तसं काही जाणवलेलं नाही.

चालून माझी मांडी भरत नव्हती. रोज सकाळी मी मोजायचो आणि रोज बोटं चढायचीच. जत्रेला महिना राहिला, मग वीस दिवस. एका सकाळी मी दावं खुंटीला अडकवलं आणि तालमीत गेलो. कुणी आलेलं नव्हतं. जोर काढायला तिथं शहाबादी फरशा टाकल्या होत्या. जोर म्हणजे हातापायांवर अंग झोकून खाली जायचं, छाती जमिनीला घासत पुढं काढायची आणि वर यायचं. आमच्या तालमीत जोर मोजायची एक रीत होती. आकडे नुसते तोंडानं म्हणायचे, त्यावर कुणी विश्वास ठेवायचं नाही. फरशी बघायची. जोर काढताना घाम खाली ठिबकत राहतो. छातीचा, पोटाचा, कपाळाचा. पुष्कळ जोर झाले की त्या ओलीचा फरशीवर माणूस उमटतो, डोकं, खांदे, कंबर सगळं दिसतं. तो माणूस उमटला की दिवसाची मेहनत पुरी झाली. उस्ताद येऊन फरशी बघायचे आणि माणूस अर्धा असला तर नुसतं म्हणायचे, "इसके पैर किधर है?" की आपण पुन्हा खाली. मला दिवाळीच्या आधी अख्खा माणूस उमटवायला तीनशे जोर लागायचे. दगडूला चारशे.

त्या सकाळी माझे हात सातव्या जोराला लटपटले. दहाव्याला कोपरातून मोडल्यासारखे झाले. थांबलो, पुन्हा लागलो, पुन्हा थांबलो. डोळ्यांपुढं काजवे. पण चाळिसाव्या जोराला कसाबसा वर येऊन खाली बघतो तर फरशीवर माणूस! डोकं, खांदे, कंबर, पायसुद्धा. अख्खा. मी गुडघ्यांवर बसून त्याच्याकडं बघत राहिलो. चाळीस जोरांत! मला वाटलं, तापानं अंगातलं सगळं वाईट जाळून काढलं आणि आत नवी ताकद घातली. हात थरथरत होते ते माझ्या ध्यानातच आलं नाही, फरशी खोटं बोलेल असं मला स्वप्नातही वाटलं नसतं. तेवढ्यात दगडू आणि दुसरे दोघं आले. दगडू वाकून बघू लागला. "किती काढलेस?" मी म्हटलं, "चाळीस." "चाळीस?" त्यानं फरशीला हात लावला, पाणी ओतलंय का ते बघायला. मग हळूच म्हणाला, "आयला, तापानं अंग शुद्ध झालं रं ह्याचं." आणि त्या दोघांनीही माना हलवल्या. आम्ही सगळे त्याच फरशीवर वाढलेलो. घाम अशक्तपणानंही सुटतो, हे कुणाचंही आजारपण काढलेली बाई सांगू शकली असती. पण बायका तालमीत येत नसत, आणि उस्ताद नांदेडकडं होते.

दुसऱ्या दिवशी दगडूनं मालकांना बोलावून आणलं. मी माणूस पुन्हा उमटवला, ह्या वेळी पस्तिसातच. मालकांनी माझ्या पाठीवर थाप मारली, ती मी कशीतरी उभ्यानं झेलली. "जातवान हाय पोरगं!" असं म्हणत ते गेले आणि दुपारपर्यंत यात्रेच्या पंचांना शब्द देऊन आले. जोड ठरली ती चार कोसांवरच्या एका वाडीतल्या सटवा नावाच्या गड्याशी. सटवा कुणाच्या घरचा पैलवान नव्हता. शेतकरी, मधून मधून खेळणारा, पण बळकट. संध्याकाळी काकींनी म्हशीच्या दुधाचा पेला आणून माझ्यापुढं ठेवला. माझ्या कपाळाला हात लावला. "बिरू, खरंच बरं वाटतंय न्हवं तुला?" मी म्हटलं, "हौ काकी. लई." त्यांनी पेल्यावरचा हात लगेच काढला नाही.

पुढच्या दोन आठवड्यांत मला कळत गेलं. कळत नव्हतं असं म्हणणं खोटं होईल. जोर चाळिसाच्या पुढं सरकत नव्हते. बैठका मारताना भिंत धरावी लागायची. दूध प्यालं की पोटात आग पडायची, आणि ते मी गुपचूप मांजराला घालू लागलो. सांगायचं कुणाला? मालकांनी शब्द दिलेला, काकींनी एकवीस दिवस जागून काढलेले, बाप पागोटं हातात घेऊन गेलेला. प्रत्येक सकाळी वाटायचं, आज सांगू. आणि प्रत्येक सकाळी फरशीवर तो अख्खा माणूस उमटायचा आणि लोक वाहवा करायचे.

यात्रेच्या दिवशी सकाळपासून हलगी वाजत होती. आखाड्याभोवती माणसांची दाटी, झाडावर पोरं, मालक पंचांशेजारी फेटा बांधून बसलेले. सटवा समोर आला. रुंद छातीचा, नाक एकदा मोडून बसलेलं. हात मिळवले, माती लावली, आणि त्यानं माझी मान धरली. मीही धरली. एकदा त्यानं मला ओढलं, नुसतं अंदाज घ्यायला, आणि लगेच सैल सोडलं. लोकांना वाटत होतं सुरुवातीची खडाखडी चालली आहे. त्याचं तोंड माझ्या कानाशी होतं.

"ताप हुता का बे तुला?"

"न्हाई."

"खोटं नगो बोलू. भिजलायस पर गार हायस. माजा थोरला भाऊ असाच घामेजला हुता खळ्यावर. चवथ्या दिशी नेला त्याला."

"खेळ की," मी म्हटलं. माझा आवाज मलाच पोरीसारखा वाटला.

"काय खेळू? मारू तुला?"

त्यानं मान सोडली. दोन पावलं मागं सरकला आणि पंचांकडं बघून म्हणाला, "ह्या गड्यासंगं म्या न्हाई खेळत."

हलगी थांबली. पंच म्हणाले, "कावून?" सटवानं माझ्याकडं पाहिलं. नुसता बघत राहिला, मी काही बोलेन म्हणून. मी मालकांकडं पाहिलं. मालक पुढं वाकून बसले होते, हसू तोंडावर यायच्या बेतात. मी खाली मातीकडं बघू लागलो. "न्हाई म्हनलं ना," सटवा म्हणाला, "झालं." मग कुणीतरी ओरडलं, "भ्याला रे भ्याला!" आणि तो आवाज सगळीकडून उठला. पोरांनी त्याच्या अंगावर माती फेकली. त्यानं धोतर झटकलं, सदरा उचलला आणि दाटीतून वाट काढत गेला. पंचांनी मला जिंकल्याचा पटका बांधला. दगडूनं मला खांद्यावर घेतलं. वरून मला सटवाची पाठ बाजारापलीकडं जाताना दिसत होती, मागून दहा-बारा पोरं शिट्या वाजवत होती.

दुसऱ्या दिवशी मी मालकांच्या बैठकीत गेलो आणि खरं काय ते सांगितलं. आता तरी सांगितलं म्हणून मला बरं वाटेल असं वाटलं होतं. मालक अडकित्त्यानं सुपारी कातरत होते. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "हे दुसऱ्या कुनाला बोललास?" मी म्हटलं, "न्हाई मालक." "मंग आता बोलू नको. गावानं पटका बांधलाय. पटका परत घेत्यात का कुटं?" आणि सुपारी पुढं केली. त्या सुपारीला मी नाही म्हणू शकलो नाही. मला काय हवं होतं? वाड्यात राहायला. राहिलो होतो. म्हैस माझ्या नावानं उभी होती, पेला रोज भरून येत होता, आणि तो प्यावा लागत होता, कारण आता मी जिंकलेला होतो.

आठ दिवसांनी उस्ताद आले. दगडूनं त्यांना घामाच्या माणसाची कथा रंगवून सांगितली. उस्तादांनी मला फरशीवर जोर काढायला लावले. पंचवीस झाल्यावर "बस" म्हणाले, माझ्या पाठीवरून बोट फिरवलं आणि ते माझ्याच गालाला लावलं. बर्फासारखं गार. "ये पसीना नई, बेटा. ये बुखार का बचा हुवा पानी है." दगडूकडं वळून म्हणाले, "और तुम सब अंधे." दगडूनं मान खाली घातली. मग मला, "चालीस दिन. फिर से. पहिले दिन से." मी म्हटलं, "उस्ताद, अडतीस तर झालेत." ते म्हणाले, "वो तूने माटी में मिला दिये." यात्रेबद्दल एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते, दोन थोबाडीत दिल्या असत्या, तर मी कदाचित तिथंच मोकळा झालो असतो.

तर पुन्हा चालणं. पुन्हा शेळीचं दूध, ह्या वेळी काकींनी न सांगता आणून ठेवलेलं. चालायला मी सटवाच्या वाडीचा रस्ता धरला. का, ते कुणी विचारलं नाही आणि मी स्वतःलाही सांगितलं नाही. पहिल्या दिवशी गावकुसाबाहेरच्या चिंचेपर्यंत गेलो आणि परत. आठ दिवसांनी ओढ्यापर्यंत. पंधरा दिवसांनी म्हसोबाच्या शेंदऱ्या दगडापर्यंत. एक दिवस पाय चालायचे, दुसऱ्या दिवशी कालच्याही अलीकडं बसावं लागायचं, आणि मी रस्त्यावरचे दगड उचलून बांधावर भिरकावत शिव्या द्यायचो, पायांना, तापाला, उस्तादांना, त्या शेळीला. जो सांगतो की आजारातून माणूस रोज थोडा थोडा वर चढतो, त्यानं माझ्याबरोबर त्या रस्त्यानं यावं. दोन पावलं पुढं, तीन मागं, आणि मागच्या तिन्हींचा हिशोब कुणी विचारत नाही. तरी म्हसोबा मागं पडला. पुढं एका टेकडाची चढण होती, तिथं धाप लागायची बंद झाली. चाळिसाव्या दिवशी उस्तादांकडं जायचं होतं, माती लावायला. एकोणचाळिसाव्या दिवशी मी पहाटे निघालो तो टेकडापाशी परत फिरलोच नाही. पटका सदऱ्याच्या आत गुंडाळून घेतला होता.

वाडीवर पोचलो तेव्हा ऊन चांगलं तापलं होतं. सटवा खळ्यावर होता. बैलांची पात ज्वारीच्या कणसांवर फिरत होती, त्याची बायको तोंडाला पदर बांधून भुसा लोटत होती. मला बघून त्यानं बैल थांबवले नाहीत. एक फेरा घेऊन आला आणि चालता चालताच म्हणाला, "ऱ्हायलास की जित्ता."

मी पटका काढून पुढं केला. "हा तुजा हाय."

"मला काय करायचा? बैलाला झूल शिवू?" त्याची बायको हसली, मग पदर सावरून गप्प झाली. तो आणखी एक फेरा फिरून आला. "बाजारात जायचं सोडलंय म्या तुज्यापायी, ठावं हाय का? पोरं शिट्या मारत्यात. हिला बाजाराला धाडतो."

"तू सांगितलं का न्हाईस तवा? ताप हाय म्हनून?"

तेव्हा त्यानं बैल उभे केले. "मला वाटलं तू सांगशील," तो म्हणाला. "तुजं तोंड, तूच सांगायला पायजे न्हवं? मी वाट बगितली."

मी पटका पुन्हा सदऱ्यात कोंबला. त्याच्या बायकोनं ताकाचा तांब्या आणून दिला. भाकरी दिली, कांदा दिला. मी खाल्लं, उठलो, "येतो" म्हटलं आणि दहा पावलांवर पाय मोडून धुळीत बसलो. चार कोस यायचे एवढंच मी चाळीस दिवस मनाशी धरलं होतं. चार कोस परतही जायचे असतात, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. सटवा कमरेवर हात ठेवून बघत राहिला. मग बैल पातीवरून सोडून गाडीला जुंपले, मला काखेत धरून उचललं आणि गाडीतल्या कडब्यावर टाकलं. "चांगला पैलवान पाळलाय देशमुखांनी," एवढंच म्हणाला.

पुढं काय झालं ते इथंच सांगून टाकतो. म्हैस त्याच आठवड्यात दगडूच्या नावाची झाली. मी वाड्यातच राहिलो, पण मोटेवर आणि गोठ्यात. मालक वर्षभर माझ्याशी थेट बोलले नाहीत, गड्याकरवी निरोप द्यायचे. काकींनी मात्र कधी काही तुटू दिलं नाही. त्या घराचे माझ्यावर इतके उपकार आहेत की आजही त्यांच्याबद्दल वाकडा शब्द लिहिताना हात अडखळतो. तालमीत जात राहिलो, उस्तादांनी माती लावू दिली, पण यात्रेत कधी उतरलो नाही. तीनशे जोर मला पुन्हा कधी आले नाहीत. एकशे ऐंशी झाले होते एका उन्हाळ्यात, त्याच्या पुढं नाही. ह्याचा राग अजून आहे.

तर गाडी. उताराला लागलो तसं गाव दिसू लागलं. नेमका बाजाराचा दिवस. लांबूनच माणसांचा गलका ऐकू येत होता, गुळाच्या ढेपांवर घोंगावणाऱ्या माश्यांसारखा. सटवानं कासरा आखडला.

"मागल्या अंगानं घालतो गाडी," तो म्हणाला. "वाड्याच्या परसात उतर. कोनी बगायचं न्हाई."

मी कडब्यावर उठून बसलो. "बाजारात घे," मी म्हटलं. "आडतीम्होरं. मालक बसत्यात तितं."

त्यानं मान वळवून माझ्याकडं पाहिलं. "बग हां. म्हस जाईल."

"जाऊ दे" असं म्हणायचं माझ्या मनात होतं. ते तोंडातून आलं नाही. मी नुसती मान हलवली, की ती गाडीच्या हादऱ्यानं हलली, मला आजही खात्रीनं सांगता येत नाही. सटवानं मात्र बैल बाजाराच्या तोंडाला वळवले.

शिट्या लगेच सुरू झाल्या. "भ्याला आला रे!" पोरं गाडीमागं लागली. सटवा ताठ बसला होता, कानशिलाची शीर उडताना मागून दिसत होती. आडतीपुढं गाडी थांबली तेव्हा मी स्वतःच उतरायचं ठरवलं. उतरलो, आणि चाकाचे आरे धरून उभा राहिलो. पाय लटलट कापत होते आणि ते सगळ्यांना दिसत होतं. ओट्यावर मालक होते, शेजारी दोन पंच होते. मी म्हटलं, जेवढ्या मोठ्यानं म्हणता येईल तेवढ्या, की त्या दिवशी हा भ्याला नव्हता. माझ्यात उभं राहायचं बळ नव्हतं, ह्याला ते मानगुटीला हात लावताच कळलं, आणि मला आधीपासून ठाऊक होतं. मी मरू नये म्हणून ह्यानं सोडलं. पटका चुकून मला बांधला. मी तो गाडीच्या जुवावर ठेवला. पोरांच्या शिट्या एकेक करून थांबल्या. तोलाऱ्याचा हात तराजूवर तसाच राहिला.

मालक ओट्यावरून उठले. पंचांकडं त्यांनी पाहिलं नाही, सटवाकडंही नाही. खालच्या आवाजात, जोडा पायात सरकवत, ते म्हणाले, "बिरू, घरी चल."

"चालता येत न्हाई, मालक," मी म्हटलं.